भांड्यात काय नाही

जनावरांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलं की आतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. ‘काय खायला देता?’ बहुतेकांचं उत्तर ठरलेलं. ‘घरचंच.’ ते सांगताना आवाजात किंचित अभिमान असतो. पाकिटातलं, कारखान्यातलं आम्ही देत नाही, आम्ही जेवतो तेच हाही जेवतो. मग डॉक्टर विचारतात, घरचं म्हणजे काय? आणि अर्ध्या महाराष्ट्राचा स्वयंपाक तिथल्या तिथे ऐकायला मिळतो. कुणाकडे दहीभात, कुणाकडे दुधात कुस्करलेली पोळी, कोकणातल्या घरात माशाची मुंडकी घातलेला भात, मेंढपाळाच्या तळावर ताक-भाकर, शहरात चिकन सेंटरवरून आणलेलं छाटण आणि हळद घालून शिजवलेला तांदूळ. आणि प्रांत, जात, उत्पन्न काहीही असो, सगळीकडे पारले-जी.

यातलं काहीच विषारी नाही. पोटही भरतं. पण भांड्यात जे आहे ते सगळ्यांना दिसतं. जे नाही ते कुणालाच दिसत नाही. ते नसल्याचं कळतं तेव्हा पिल्लाचा पाय वाकलेला असतो किंवा मांजराच्या हृदयाचे स्नायू सैल पडलेले असतात. कुत्र्या-मांजरांच्या आहाराबद्दल गेल्या पन्नासेक वर्षांत जे महत्त्वाचं कळलं, त्यातलं बरंचसं अशा गैरहजर गोष्टींबद्दलच आहे.

यावर घराघरांतून एक हुकमी हरकत येते. ‘आमच्या गावची कुत्री भाकरतुकड्यावर पंधरा-पंधरा वर्षं जगली, त्यांना कुठलं आलंय पोषणशास्त्र?’ हरकत पोकळ नाही. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात सहसा दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याभोवती हजारो वर्षं काढताना कुत्रा धान्य पचवायला शिकला. त्यामुळे कुत्र्याला भात-भाकरी म्हणजे पाप, असं सांगणारे हल्ली जे भेटतात त्यांच्याकडे फार लक्ष देऊ नये.

पण गावचा कुत्रा फक्त आपल्या दारातला तुकडा खात नव्हता. उंदीर-घुशी, खाटकाच्या दुकानामागची आतडी, मेंढी व्याली की पडलेली वार, मेलेल्या जनावराचं हाड, आणि दिवाळी अंकात लिहू नये असं आणखी बरंच काही. आपण टाकलेली भाकरी ही त्याच्या जेवणातली एक बाजू होती. उरलेलं ताट तो स्वतः वाढून घेत होता. शिवाय पंधरा वर्षं जगलेला मोत्या सगळ्यांच्या आठवणीत राहतो. पहिल्या पावसाळ्यातच गेलेल्या त्याच्या भावंडांना कुणी नावही ठेवलेलं नसतं.

फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरला यातलं काहीच करता येत नाही. दार बंद असतं आणि फिरायला नेलं तरी गळ्यात पट्टा असतो. रस्त्यावर काही तोंडात धरलं की मालक ‘सोड, सोड’ म्हणून ओरडतो. भांड्यात झिंक नसेल तर ते त्याच्या आयुष्यातच नाही. घरचं खाणं पूर्वी चालत होतं आणि आता पुरत नाही, याचं कारण मला तरी त्या बंद दारात दिसतं.

मांजराचं प्रकरण याहून अवघड आहे आणि आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दलच आहेत. कुत्रा मिश्राहारी झाला, मांजर झाली नाही. वाळवंटी रानमांजराचं शरीर घेऊनच ती आपल्या सोफ्यावर बसलेली आहे. गाजरातल्या बीटा-कॅरोटीनपासून अ जीवनसत्त्व तयार करणं तिला जमत नाही. ते तयार स्वरूपात, प्राण्याच्या शरीरातूनच मिळावं लागतं. तिला गोड चवही कळत नाही. गोडी ओळखणाऱ्या ग्राहकाचं एक जनुक तिच्यात निकामी झालेलं आहे, हे २००५ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी शोधून काढलं. तेव्हा मनीला पेढा आवडतो असं कुणी म्हणालं तर समजावं, की तिला त्यातला खवा आवडतो, साखर नव्हे. १९७८ मधला एक प्रयोग तर अंगावर काटा आणतो. आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वगळलेलं जेवण मांजरांना एकदाच दिलं, आणि काही तासांत रक्तात अमोनिया साचून त्या आजारी पडल्या. मांसात आर्जिनिन मुबलक असल्यामुळे घरात असं सहसा घडत नाही. पण हे शरीर मांसाच्या भरवशावर किती बेफिकीर राहिलं आहे, ते यावरून कळतं.

खरी गोष्ट टॉरिनची. हे अमिनो आम्ल कुत्रा सर्वसाधारणपणे शरीरात तयार करून घेतो, मांजर पुरेसं करू शकत नाही. १९७५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात पहिला धागा हाती आला: टॉरिन न मिळालेल्या मांजरांच्या डोळ्यांतलं दृष्टिपटल खराब होत होतं. मग उत्पादकांनी त्या हिशेबाने टॉरिनकडे लक्ष दिलं आणि विषय संपल्यासारखं वाटलं. तरीही मांजरं एका हृदयविकाराने मरत राहिली. हृदयाचा कप्पा फुगतो, भिंती पातळ होतात, रक्त पुढे ढकलायची ताकद उरत नाही. डॉक्टर त्याला कारण सापडत नसलेला आजार म्हणत होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये दाखवलं, की या मांजरांच्या रक्तात टॉरिन कमी आहे, आणि ते पोटात दिलं की हृदय पुन्हा पूर्वपदावर येऊ लागतं. मरणाच्या दारातली जनावरं उठून खायला लागली. आणि ही काही दहीभातावरची मांजरं नव्हती. ती बाजारातलं नावाजलेल्या कंपन्यांचं खाणं खात होती, ज्यात तेव्हाच्या मानकाप्रमाणे टॉरिन पुरेसं होतं. डबाबंद करताना होणाऱ्या प्रक्रियेनंतर त्यातलं शरीराला किती मिळतं, हा हिशेब राहून गेला होता. त्यानंतर कंपन्यांनी प्रमाण वाढवलं आणि हा आजार पुष्कळच कमी झाला.

या गोष्टीतून ‘घरचं’वाल्यांनी आणि ‘पाकीट’वाल्यांनी, दोघांनीही आपापल्या सोयीचं घेऊ नये. कारखाना चुकला होता हे खरं. पण चूक सापडली ती तेच खाणं हजारो घरांत एकसारखं खाल्लं जात होतं म्हणून. आपल्या स्वयंपाकघरातल्या भांड्यावर असा अभ्यास कोण करणार?

टॉरिन पाण्यात विरघळतं. आपल्याकडे मांजरासाठी चिकन उकडतात, पाणी मोरीत ओततात आणि पांढरे तुकडे भातात कालवतात. त्या पाण्याबरोबर टॉरिनही जातं. कोल्हापूरकर ज्याला अळणी म्हणतात तसलं ते पाणी भांड्यातच ठेवावं, फक्त त्यात कांदा, लसूण आणि मीठ नको. छातीच्या पांढऱ्या मांसापेक्षा तंगडीच्या गडद मांसात टॉरिन जास्त, हृदयात भरपूर. म्हणजे माणसांना नको असलेला, स्वस्तातला भाग मांजराला अधिक मोलाचा. कलेजीचं मात्र उलट आहे. थोडी कलेजी उत्तम, रोजची कलेजी घातक. अ जीवनसत्त्व अंगात साचत जातं आणि मानेचे मणके एकमेकांना जुळून मांजराला मान वळवता येईनाशी होते. मग ती स्वतःला चाटत नाही, केस गुठळतात, आणि घरचे म्हणतात, म्हातारी झाली. मासेही सरसकट सुरक्षित नाहीत. काही माशांत कच्चेपणी थायमिन नष्ट करणारं विकर असतं, ते शिजवल्यावर जातं. सुकट, खारे बोंबील यांत मीठ बेसुमार. नुसत्या मासळीवर पोसलेलं मांजर धट्टंकट्टं दिसलं तरी त्याच्या भांड्यात काही ना काही कमी असतंच.

दुधाबद्दल काही बोलणं म्हणजे बालपणीच्या सगळ्या चित्रपुस्तकांशी वैर घेणं. दूध सुटल्यावर बहुतेक मांजरांत आणि पुष्कळ कुत्र्यांत दुधातली साखर पचवण्याची ताकद ओसरते. बशीभर दुधानंतरची पातळ शी हा ‘बाधलेल्या’ उंदराचा दोष नसतो.

शाकाहारी घरांचा प्रश्न नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. अंडी, दही, पनीर, डाळी यांच्या आधाराने आणि जाणकाराकडून पूरक द्रव्यांचा हिशेब मांडून घेऊन कुत्र्याचं बिनमांसाचं जेवण बसवता येतं. मांजराचं घरच्या स्वयंपाकात बसत नाही. ज्या घरात मांस शिजणार नाही आणि मांसाचं पाकीटही फुटणार नाही, त्या घराने कुत्रा पाळावा, ससा पाळावा, मांजराच्या वाटेला जाऊ नये. माझं हे मत काहींना कठोर वाटेल. मला वरणभातावर ठेवलेलं मांजर जास्त कठोर वाटतं.

कुत्र्यांकडे वळलं की गहाळ वस्तू बदलते. इथे कॅल्शियम. चिकन-भात हे सध्या शहरांतलं सर्वांत लोकप्रिय ‘पौष्टिक’ जेवण, आणि त्यात हाडांसाठी जवळपास काही नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर मग हाडांतून कॅल्शियम उपसतं. मोठ्या कुत्र्याला हे काही काळ सोसतं. तीन महिन्यांच्या पिल्लाला नाही. ते लंगडायला लागतं, पाय वाकतात, सोफ्यावरून उडी मारली एवढ्याशा निमित्ताने हाड मोडतं.

यावर आपल्याकडचा उपाय म्हणजे औषधाच्या दुकानातली कॅल्शियमची बाटली. ती दुसऱ्या टोकाला नेते. नेदरलँड्समध्ये उत्रेख्त विद्यापीठात १९८० च्या दशकात ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या कामातून दिसलं, की मोठ्या जातीच्या पिल्लाला जादा कॅल्शियमच्या शोषणावरचा ताबा नीट राखता येत नाही आणि सांगाड्याची वाढच बिघडते. पिल्लांसाठीच्या चांगल्या तयार खाण्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. त्यावर बाटली ओतणं म्हणजे मोजमापाचा विचका. फक्त घरचं देणाऱ्यांना मात्र कॅल्शियम लागतंच. अंड्याची कवचं धुऊन, वाळवून, मिक्सरमधून पिठासारखी काढली तर अर्ध्या चहाच्या चमच्यात साधारण एक ग्रॅम कॅल्शियम मिळतं. पण कुणाला किती, हे कुत्र्याच्या वजनावर आणि बाकीच्या जेवणावर ठरतं, म्हणून ते डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

‘मग आम्ही रेसिपी बघून करतो,’ असं यावर म्हणतात. डेव्हिसच्याच पशुवैद्यकांनी २०१३ मध्ये पुस्तकांतल्या आणि इंटरनेटवरच्या कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती तपासल्या. त्यांतल्या ९५ टक्क्यांत किमान एक आवश्यक घटक अपुरा होता. पशुवैद्यकांनी लिहिलेल्या पाककृतीही त्यात होत्या. रोज वेगळं केलं की आपोआप भरपाई होते, हेही खरं नाही, कारण झिंक, कोलिन, ड आणि ई जीवनसत्त्व अशा त्याच त्याच वस्तू बहुतेकांत राहून जातात. घरचं जेवण वाईट, असं यातून निघत नाही. अंदाजपंचे घरचं जेवण वाईट, एवढं निघतं.

आता पाकिटाकडे. कुत्र्याचं बिस्किट हा धंदा १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या एका अमेरिकन माणसाने सुरू केला; विजेपासून बचाव करणारे दांडे विकायला आलेला हा गृहस्थ गोदीत जहाजावरची कडक बिस्किटं खाणारी कुत्री पाहून त्यात पडला, असं सांगतात. त्याच्या कंपनीत कामाला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे जगप्रसिद्ध श्वानप्रदर्शन उभं केलं. म्हणजे खाणं आणि जाहिरात या धंद्यात पहिल्यापासून एका ताटात जेवतात. पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचं सगळं, ती रसाळ तंगडी, ते हिरवे वाटाणे, तो चकाकणारा कुत्रा, त्यामुळे सोडून द्यावं आणि पाकीट उलटं करावं.

मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक वाक्य शोधायचं: हे खाणं ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ आहे का, आणि कुणासाठी? पिल्लांसाठी, मोठ्यांसाठी की सगळ्या वयांसाठी? ग्रेव्हीचे कित्येक पाउच निव्वळ पूरक असतात. त्यांवरच मांजर पोसलं तर पुन्हा तोच घोटाळा. काही पाकिटांवर अमेरिकेतल्या आफ्को किंवा युरोपातल्या फेडियाफच्या मानकाचा उल्लेख असतो. आफ्को हे सरकारी खातं नव्हे आणि ही संस्था कुठलं उत्पादन तपासून शिक्का मारत नाही; ती फक्त मोजपट्टी देते. आपल्याकडचा २००६ चा अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नापुरता आहे. त्यामुळे बारीक अक्षरं वाचायचं काम शेवटी मालकावरच येतं.

प्रथिनांच्या आकड्यात तर हमखास फसगत. कोरड्या खाण्यावर २४ टक्के, पाउचवर १० टक्के. गिऱ्हाईक पाउच खाली ठेवतं. पण पाउचमध्ये ८० टक्के पाणी आहे. उरलेल्या २० भागांतले १० प्रथिनांचे, म्हणजे निम्मे. कोरड्यात पाणी १० टक्के. ९० भागांतले २४, म्हणजे जेमतेम २७ टक्के. मांजराच्या बाबतीत ते पाणीही कामाचं आहे. वाळवंटी पूर्वजांमुळे तिला तहान कमी लागते, आणि निव्वळ कोरड्या दाण्यांवर वाढलेल्या बोक्याची लघवी अडली की रात्री दोन वाजता दवाखाना शोधायची वेळ येते. थोडं पाउच, थोडे दाणे ही विभागणी खिशाला आणि बोक्याला दोघांना मानवते.

आकडा खरा असला तरी पुरेसा नसतो, हे २००७ मध्ये अमेरिकेत दिसलं. चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन मिसळलेलं निघालं. प्रथिनं मोजायच्या नेहमीच्या चाचणीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजतात, आणि मेलामाइनमध्ये तो ठासून भरलेला. कागदावर प्रथिनं वाढली, जनावरांच्या मूत्रपिंडात स्फटिक झाले, आणि अनेक कंपन्यांची पाकिटं एकाच वेळी बाजारातून मागे घ्यावी लागली, कारण वेगवेगळ्या नावांचं खाणं एकाच कारखान्यात बनत होतं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने धान्यविरहित, वाटाणे-मसूर यांवर बेतलेल्या खाण्याचा आणि कुत्र्यांतल्या हृदयविकाराचा संबंध तपासायला घेतला. कार्यकारणभाव पक्का ठरलेला नाही. पण ‘ग्रेन-फ्री’ हा शब्द आपल्याकडे जादा पैसे मोजायचं कारण झाला आहे आणि बहुसंख्य कुत्र्यांना त्याची गरज नाही, एवढं म्हणता येतं.

एक अगदी स्थानिक गोष्ट. पुष्कळ दुकानांत मोठी गोणी फोडून दाणे किलोवर सुटे विकतात. परवडतं, पण त्यावर ना तारीख, ना घटक. कोकणपट्टीच्या पावसाळी हवेत उघड्या गोणीला बुरशी धरते, चरबी खवट होते. मक्यातल्या बुरशीच्या अफ्लाटॉक्सिनने यकृत निकामी होतं, आणि दाण्यांकडे नुसतं पाहून ते कळत नाही. लहान का होईना, बंद पाकीट घ्यावं.

इतका वेळ कमतरतेबद्दल लिहिलं. शहरी कुत्र्यांच्या भांड्यात एक गोष्ट मात्र सहसा कमी नसते: खाणं. एका पशुखाद्य कंपनीने ४८ लॅब्रॅडॉर जोड्या लावून आयुष्यभर सांभाळले. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी दिलं. २००२ मध्ये आलेला निष्कर्ष असा, की कमी खाणारे मध्यमानाने १.८ वर्षं जास्त जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली. कुठल्याही महागड्या पाकिटाने एवढं आयुष्य वाढवल्याचं माझ्या वाचनात नाही. लॅब्रॅडॉर कायम भुकेला का दिसतो, याचाही एक धागा २०१६ मध्ये केंब्रिजमधल्या संशोधकांना सापडला. सुमारे चौथ्या हिश्श्यातल्या लॅब्रॅडॉरमध्ये पोट भरल्याची जाणीव देणारं एक जनुक तुटलेलं असतं. तो नाटक करत नसतो, त्याला खरंच भूक वाटते. तरीही द्यायचं नसतं.

किती द्यायचं याचा हिशेब मोबाइलवर होतो. वजनाचा किलोतला आकडा त्यानेच दोनदा गुणायचा, दोनदा वर्गमूळ काढायचं, आलेल्याला ७० ने गुणायचं. ३० किलोच्या कुत्र्याला हे सुमारे ९०० कॅलरी येतं, ही नुसत्या विश्रांतीची गरज. नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याच्या १.६ पट, म्हणजे दिवसाला १४०० च्या आसपास. चार किलोच्या मांजराला फक्त २०० ते २४०. वरखाऊ या एकूणाच्या दहा टक्क्यांपलीकडे नको. ग्लुकोज बिस्किटं शंभर ग्रॅमला साडेचारशेच्या आसपास कॅलरी देतात. तीस किलोच्या कुत्र्याचा वरखाऊचा सगळा वाटा तीस ग्रॅम बिस्किटांत संपतो. आजोबांनी सकाळी चहाबरोबर दिलेली, कामवाल्या मावशींनी दिलेली आणि वॉचमनने दिलेली बिस्किटं एकत्र मोजणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. सूत्र नको असेल तर बरगड्यांवरून हात फिरवावा. पंजा उघडून पालथ्या हातावरून फिरवल्यासारखं लागलं तर ठीक. बरगड्या शोधाव्या लागल्या तर भांडं लहान करायची वेळ झाली.

मांजराचं वजन उतरवताना घाई नको, आणि ‘भूक लागली की झक मारत खाईल’ हा आपला घरगुती बाणा तिच्यावर मुळीच चालवू नये. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर चरबी यकृतात साचून जिवावर बेततं. नवं खाणं आठ-दहा दिवस जुन्यात मिसळत न्यावं.

आता हा अंक हातात असताना फराळाचे डबे उघडेच असतील, म्हणून तेवढं सांगतो. नामदेवांच्या कथेतला कुत्रा पोळी घेऊन पळाला आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. आजच्या डॉक्टरांनी त्यांना प्रेमाने थांबवलं असतं. एकदम पोटात गेलेलं तूप, चकली, शेवेचं तेल यांनी स्वादुपिंडाला सूज येते आणि ती दिवाळी सलाइन लावण्यात जाते. रव्याच्या लाडवातला आणि चिवड्यातला मनुका त्याहून वाईट: द्राक्षं आणि मनुके काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पाडतात, आणि अमुक इतके चालतील असा सुरक्षित आकडा कुणाकडेच नाही. तळलेला कांदा आणि लसूण तांबड्या पेशी फोडतात, मांजरात अधिकच. मधुमेही पाहुण्यांसाठी आणलेल्या साखरविरहित मिठाईत झायलिटॉल असेल तर कुत्र्याची रक्तशर्करा झपाट्याने कोसळते. चॉकलेटमधल्या थिओब्रोमिनचा त्रास वजनाच्या किलोमागे वीस मिलिग्रॅमच्या आसपास सुरू होतो. साध्या दुधाळ चॉकलेटच्या ग्रॅमला ते साधारण दोन मिलिग्रॅम असतं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला शंभर ग्रॅमची एक वडी पुरते. काळ्या, कडू चॉकलेटची त्याहून कितीतरी कमी.

तसं काही पोटात गेलंच, तर मीठपाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नये, मिठाचीच विषबाधा होते. लक्षणांची वाटही पाहू नये, कारण पहिले दोन तास सर्वांत कामाचे. सणात दवाखाने बंद असतात, तेव्हा चोवीस तास चालू असलेल्या जवळच्या दवाखान्याचा नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवावा. किती वाजता खाल्लं ते लिहावं, कुत्र्याचं वजन आठवावं, आणि निघताना त्या चॉकलेटचा कागद किंवा मिठाईचा डबा, फाटका-चावलेला असला तरी, बरोबर घ्यावा.